शेजारची जागा

सभा संपली होती आणि तरी रिबेका उठली नव्हती. घडलं ते एवढंच. त्या बुधवारी संध्याकाळी याहून जास्त काही झालं, असं कुणालाही सांगता आलं नसतं. चेतना अध्यक्षांच्या खुर्चीवरून उठून फळा पुसत होती. पोरं चपला शोधत मेसकडे पळत होती, कारण बुधवारी खिचडी-कढी असते आणि उशिरा जाणाऱ्याच्या वाट्याला नुसतं कढीचं पाणी येतं. भावेशने जाता जाता सवयीने पंख्यांची बटणं खटाखट बंद केली. आणि मग थांबत चाललेल्या त्या पंख्यांखाली, पहिल्या रांगेत, अध्यक्षांच्या खुर्चीला अगदी लागून असलेल्या जागेवर रिबेका दिसली. दोन्ही हात मांडीवर. रागावलेली नव्हती, रडतही नव्हती. एस.टी.ची वाट बघणारं माणूस फलाटावर बसतं तशी ती बसली होती. "चल की, खिचडी गार होईल," चेतना म्हणाली. रिबेकाने तिच्याकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ पाहिलं, आणि विचारलं, "संपली?" चेतना हसून म्हणाली, "कधीच संपली." मग रिबेका उठली, खुर्ची नीट रांगेत लावली आणि मेसकडे चालू लागली. चेतना तिच्या मागोमाग गेली, खिचडी खाल्ली, कढी दोनदा घेतली. पण कुठेतरी काहीतरी अडकलं होतं, आणि ते काय हे काही केल्या तिच्या हाती येईना.

शहाद्याच्या बाहेर केळीच्या बागा ओलांडल्या की हे निवासी महाविद्यालय लागतं. पुण्याची, सुरतेची पोरं पहिल्या वर्षी इथे येतात तेव्हा त्यांना वाटतं आपल्याला वनवासात पाठवलं, आणि तिसऱ्या वर्षी निघताना तीच पोरं गेटपाशी गळ्यात पडून रडतात. इथे तत्त्वज्ञान शिकणाऱ्याला मातीचं परीक्षण करावं लागतं आणि गणितवाल्याला नाटक. चेतनाचा मुख्य विषय पब्लिक अफेअर्स. विभागाच्या पाटीवर मराठीत 'लोककारभार' लिहिलंय. ती कोरीटची, म्हणजे नंदुरबारजवळच्या शेतकरी गावची. तिने पहिल्या सुट्टीत घरी विषयाचं नाव सांगितलं तेव्हा तिची आई, शोभाबाई, पोळी लाटता लाटता थांबली होती. "लोकेसना कारभार शिकाले हॉस्टेलमा ऱ्हास का कोनी? आनि घरना कारभार कोन शिकी?" वडिलांनी, नवनीतभाऊंनी, मोठ्याने हसून लष्कराच्या भाकऱ्या भाजण्याचा दाखला दिला होता, पण फी भरली होती आणि भाऊबंदांत 'मन्ही पोर कलेक्टर व्हई' असं सांगायलाही सुरुवात केली होती. विभागाचं म्हणणं असं की जो लोकांचा कारभार शिकतो त्याने आधी आपला करून दाखवावा. म्हणून दर बुधवारी निवासी सभा. मेसचा मेन्यू, पाण्याची टाकी, क्षेत्रभेटीच्या तारखा, सगळं पोरांनीच ठरवायचं. यंदाची अध्यक्ष चेतना. तिला ही खुर्ची आवडायची. खुर्चीवर बसलं की आपला आवाज एक पट्टी खाली उतरतो आणि जास्त भारदस्त होतो, हे तिला पहिल्याच बुधवारी कळलं होतं.

त्या सभेत क्षेत्रभेट ठरली होती. साखर कारखाना, कापसाचं जिनिंग, दोन-तीन गावांच्या पंचायती. बावीस ते सव्वीस डिसेंबर. दिवाळीत सगळे घरी जाऊन आलेले, जानेवारीत परीक्षेची धास्ती, तेव्हा हाच मुहूर्त बरा असं भावेश म्हणाला आणि पोरांनी माना डोलावल्या. चेतनाने रीतीप्रमाणे विचारलं, "कुणाची हरकत?" मग मनात पाचपर्यंत मोजलं, शांतता मिळाली, आणि फळ्यावर लिहिलं: सर्वानुमते. खिचडीनंतर दोघींच्या खोलीवर आल्यावर तिने पाहिलं, रिबेका खुर्चीवर चढून कपाटावर काहीतरी ठेवत होती. बांबूच्या कामट्यांचा तो चांदणीचा सांगाडा. गेले आठ-दहा दिवस ती तो बांधत होती, आणि कामट्यांचे जोड दोऱ्याने आवळताना दुसरं टोक चेतनानेच धरलेलं होतं. नाताळला खांडबाऱ्याकडच्या त्यांच्या घरावर लावायची चांदणी. वर लाल-पिवळा कागद लावायचा तेवढा राहिला होता. रिबेकाने सांगाडा आडवा केला, भिंतीकडे सरकवला, त्यावर जुनं वर्तमानपत्र पसरलं आणि खाली उतरून हात झटकले. बावीस ते सव्वीस. पंचवीस तारीख त्याच्या मधोमध बसली होती, आणि सभेतल्या एकालाही ती दिसली नव्हती. एकालाही म्हणजे तिला स्वतःलाही, जिने मागच्या नाताळात रिबेकाच्या आजीच्या, हिरीबाईंच्या, हातची भाकरी नि कोंबडीचा रस्सा दोनदा मागून खाल्ला होता. हिरीबाई तेव्हा अंगणात खाटेवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होत्या की हा आपला शेवटचा नाताळ, सगळी पोरं डोळ्यांसमोर दिसली पाहिजेत. रिबेकाचे वडील, सॅम्युअल, कानाशी लागून म्हणाले होते, "दरवर्षी हेच सांगते. पण कुठलं वर्ष खरं निघेल काय माहीत, म्हणून आम्ही सगळे येतो."

"तू बोलली का नाहीस?" चेतनाने विचारलं. आवाजात तिच्या नकळत थोडी चीड आली होती. आपण चुकलो की माणूस आधी दुसऱ्यावरच तापतो. रिबेका म्हणाली, "जाऊ दे. ठरलं ना आता." आणि पुस्तक उघडून बसली. चेतना उशीला टेकून बसली आणि मनाशी वाद घालू लागली. हरकत विचारली होती की नव्हती? विचारली होती. वेळ दिला होता की नव्हता? दिला होता. बोलणाऱ्याची बोरं विकली जातात, न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात, हे तिच्या गावात शेंबडं पोरही जाणतं. कोरीटच्या ग्रामसभेत ज्याला बोलायचं असतं तो बोलतो, दोघं एकदम बोलतात, कधी चौघंही. मारुतीच्या पारावर आवाज इतका चढतो की समोरच्या पिंपळावरचे बगळे उडून जातात. आणि त्या आवाजाची आठवण येता येता तिला त्याच्या मागची जागा आठवली. मंदिराच्या पायऱ्यांच्या बाजूला, खांबाआड, बायकांची. शोभाबाई तेव्हा पंचायतीच्या सदस्य होत्या, राखीव जागेवर निवडून आलेल्या. चेतना नववीत होती, मैत्रिणींबरोबर कडेला उभी. सरपंचांनी मोठ्याने विचारलं होतं, "शोभाबाईन्ह काय म्हननं शे?" आणि पुढे बसलेल्या नवनीतभाऊंनी मागे वळूनही न बघता सांगितलं होतं, "तिन्ह काय! ती 'हा'च म्हनी." पार हसला. आईही हसली. पण चेतनाने पाहिलं होतं, आई पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळत होती, गुंडाळून सोडत होती, पुन्हा गुंडाळत होती. घरी जाताना चेतनाने विचारलं, "आई, तुले काय सांगनं व्हतं का?" आई म्हणाली, "काय नही व. चाल, दळन टाकनं शे." पहिल्या वर्षाला चेतनाने यावरच निबंध लिहिला. 'एक महिला सदस्य' असं आईचं नाव लिहून. दुसऱ्याच्या वतीने बोलणारा त्याचा आवाज खाऊन टाकतो, असं त्यात एक वाक्य होतं, आणि ममता मॅडमनी त्याच्याखाली दोन रेघा मारून 'वा!' लिहिलं होतं. निबंध वर्गात वाचून दाखवला गेला. आईला त्या दिवशी नेमकं काय सांगायचं होतं, हे मात्र चेतनाने पुन्हा कधी विचारलं नाही. निबंधाला त्याची गरज पडली नव्हती.

गुरुवारी आईचा फोन आला. चेतना गालावरच्या फोडाला हळद लावत होती, म्हणून तिने फोन स्पीकरवर ठेवला. आईच्या पोटातली पिशवी काढायचं ठरत होतं कधीपासून, आता पुढच्या शुक्रवारी नंदुरबारला ऑपरेशन होतं. "तू नको येजो," आई म्हणाली. "तुन्हा अभ्यास बुडी. तुन्हा बाप शे ना आठे. दोन दिननं काम शे." चेतना म्हणाली की शुक्रवारी तिचं सादरीकरण आहे, विभागाला बाहेरचे पाहुणे येणार आहेत, ती रविवारी येऊन जाईल. "काय हरकत नही," आई म्हणाली. "जेवनी का?" मग थोडा वेळ फोनवर नुसता घरातला आवाज येत राहिला, कुकरची शिट्टी, कुणीतरी फाटक लावलं ते. आई फोन ठेवत नव्हती. "ठेव मग," चेतनाच म्हणाली. पलंगावर रिबेका मान खाली घालून मोजे दुरुस्त करत होती. तिने वर पाहिलं, आणि पुन्हा सुई चालवू लागली.

शनिवारी सकाळी दोघी गच्चीवर धुणं वाळत घालत होत्या. खाली केळीच्या बागेत पाणी सोडलेलं, ओल्या मातीचा वास वरपर्यंत येत होता, आणि कारखान्याकडे जाणाऱ्या उसाच्या ट्रॅक्टरवर कुठलं तरी अहिराणी गाणं बोंबलत चाललं होतं. चादर पिळायला दोघी लागतात. एक टोक हिच्या हातात, दुसरं तिच्या. अशा वेळी तोंडासमोर तोंड असतं, पण हात कामात असतात, आणि म्हणून बोलणं सोपं जातं. "तू माझ्याच शेजारी का बसली होतीस?" चेतनाने विचारलं. तिला आता आठवलं होतं की रिबेका कायम मागे बसते, खिडकीपाशी. त्या बुधवारी ती पुढे आली होती. रिबेकाने चादर पिळली, पाणी गच्चीवर सांडलं. "आमच्या पाड्यावर बैठक असते ना," ती म्हणाली, "तिथे स्वतःचं स्वतः मागत नाहीत. चांगलं दिसत नाही ते. शेजारी बसलेलं माणूस मागतं. हिच्या घरात हे अडलंय, हिला हे पाहिजे, असं. म्हणून कुणाशेजारी बसायचं ते बघून बसतात." चेतना म्हणाली, "आणि शेजाऱ्याला माहीतच नसेल तर?" रिबेका हसली, पण हसण्यात खोच नव्हती. "मग तो शेजारी कसला? माझे आजोबा दलपतबाबा बैठकीच्या आधी सगळ्या पाड्यातून फिरून यायचे. चहा पीत, कुणाच्या घरात काय कमी आहे ते बघत. आणि बैठक उठते कधी माहीत आहे? सगळे उठले की. एक जरी बसलेला असला तरी उठत नाहीत. म्हणजे त्याचं राहिलंय." तिने चादर झटकून दोरीवर टाकली. चेतनाच्या हातातलं टोक सुटलं होतं, ते गच्चीच्या धुळीला लागलं. "इथली रीत वेगळी आहे, मला कळतं," रिबेका म्हणाली. "पण तिथे बसल्यावर तोंडच उघडेना. सवय नाही गं."

त्या दिवसापासून बुधवारपर्यंत चेतनाचं कशात लक्ष लागलं नाही. लाज वाटत होती, हे तर खरंच. पण लाजेखाली आणखी काहीतरी सलत होतं. ज्या गोष्टीवर तिने निबंध लिहिला, जिच्यावर तिचा सगळा विषय उभा होता, तीच गोष्ट रिबेका एखाद्या चांगल्या चालीसारखी सांगत होती. दुसऱ्याने आपल्यासाठी बोलावं! नवनीतभाऊ आईसाठी बोलले होते की. पारावर, सगळ्यांच्या देखत. मग दलपतबाबांत आणि आपल्या बापात फरक कुठला? लायब्ररीत बसून ती पंचायतींवरची पुस्तकं उलटत राहिली आणि वाचता वाचता तिला आपला बाप आठवत राहिला. वाईट माणूस नव्हे. मुलीला शिकवणारा, बायकोवर कधी हात न उगारलेला, गावात शब्दाला किंमत असलेला. त्याला खरंच वाटत असणार की बायकोचं मन आपल्याला पाठ आहे. मंगळवारी ती ममता मॅडमकडे गेली. मॅडम भुईमुगाच्या शेंगा सोलत होत्या. "ठराव पुन्हा मांडता येतो," त्या म्हणाल्या, "पण अध्यक्षाला बाजू घेता येत नाही. बाजू घ्यायची तर त्या दिवसापुरती खुर्ची सोडावी लागेल." मग शेंगदाण्यांची मूठ पुढे करत म्हणाल्या, "आणि तिच्या वतीने बोलायचं म्हणतेस, ते तुझ्याच निबंधाच्या विरुद्ध आहे, एवढं लक्षात ठेव." चेतनाने शेंगदाणे घेतले आणि ती बाहेर आली. सॅम्युअलभाऊंचा फोन रिबेकाला रोज येत होता. ती त्यांना अजून काही बोलली नव्हती. घरी कागद कुठल्या रंगाचा आणायचा ते विचारत होते, आणि रिबेका सांगत होती, "लाल. थोडा पिवळा."

बुधवारी चेतना खुर्चीवर बसलीच नाही. भावेशला बसवलं, आणि स्वतः शेवटच्या रांगेत खिडकीपाशी रिबेकाच्या शेजारी जाऊन बसली. भावेशने घसा खाकरला, त्यालाही एक पट्टी खाली आवाज सापडला. चेतना उभी राहिली. खुर्चीवरून बोलणं किती सोपं असतं, हे उभं राहिल्यावर कळतं. "रिबेकाला नाताळला घरी जायचंय," ती म्हणाली. "आपण ठरवलेल्या तारखांत नाताळ आहे. मी हरकत विचारली तेव्हा मला तो दिसला नाही, आणि दिसायला हवा होता, कारण तिची चांदणी माझ्याच खोलीत आहे. क्षेत्रभेट जानेवारीत न्यावी." कुणीतरी पुढच्या रांगेतून म्हणालं, "पण रिबेकाला तोंड आहे ना?" थोडं हसू फुटलं. भावेशने विचारलं, "तिने सांगितलंय का तुला मांडायला?" चेतनाने क्षणभर रिबेकाकडे पाहिलं. रिबेका समोर बघत होती, हात मांडीवर. "नाही," चेतना म्हणाली. "पण चुकत असेन तर ती इथेच बसलीय. मला अडवेल." रिबेकाने अडवलं नाही. मग सुरतेचा एकजण कुरकुरला की कारखान्याचं पत्र आलंय, आणि शहाद्याची एक मुलगी त्याला म्हणाली, "गाळप काय नाताळला बंद पडतं का? मार्चपर्यंत उसाचे ट्रॅक्टर मोजत बस." हात वर झाले. सगळे नाही, पण पुरेसे. तारखा जानेवारीत गेल्या. चेतना मटकन खाली बसली.

भावेश "कुणाचं काही?" म्हणाला आणि उठायच्या बेतात होता. तेव्हा रिबेका उभी राहिली. तिन्ही वर्षांत ती सभेत उभी राहिलेली कुणी पाहिली नव्हती. "एक राहिलंय," ती म्हणाली. आवाज इतका हळू की पंखे नकोसे वाटले. "चेतनाचं. परवा शुक्रवारी तिच्या आईचं ऑपरेशन आहे, नंदुरबारला. आणि शुक्रवारी सादरीकरण पण तिच्याकडेच आहे. ते दुसऱ्या कुणी करावं. तिला जायचंय." चेतनाचे कान तापले. पहिल्यांदा आला तो रागच. सगळ्यांसमोर! मी कधी म्हटलं? घरचं हे इथे कशाला? पारावर आई हसली होती त्या वेळी तिच्या आतही असंच काही पेटलं असेल का, हे तिच्या मनात त्याच क्षणी येऊन गेलं. "मी असं म्हटलेलं नाही," ती तोंडातल्या तोंडात म्हणाली. रिबेका खाली बसत म्हणाली, "नाही म्हटलंस. आईपण तुझी म्हणाली नाही." आणि चेतनाला फोनवरची ती कुकरची शिट्टी ऐकू आली, फाटकाचा आवाज, आणि फोन न ठेवणारी आई. काय हरकत नही. तिने मनात पाचपर्यंतही मोजलं नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं ते तिने खिडकीकडे बघून लपवलं, आणि शेजारच्या माणसापासून ते लपलं नाही. "सादरीकरण मी करतो," भावेश खुर्चीवरून म्हणाला. "तसाही माझा आवाज बरा आहे." सभा हसली. मग एकेक जण उठला, आणि चेतना व रिबेका बरोबरच उठल्या.

शुक्रवारी पहाटेची गाडी धरून ती प्रकाशामार्गे नंदुरबारला पोचली. तापीच्या पुलावर धुकं होतं, कंडक्टर मफलर गुंडाळून तिकिटं देत होता. दवाखान्याच्या वऱ्हांड्यात नवनीतभाऊ स्वेटर घालून उभे होते. "तू कशाले उनी?" म्हणाले, पण पिशवी लगेच तिच्या हातून घेतली. आई खाटेवर होती, कपाळाला कुंकू नाही, हातात बांगड्या नाहीत, त्यामुळे एकदम परकी दिसत होती. "तुले सांगं व्हतं ना, नको येजो," ती म्हणाली, आणि बोलता बोलताच तिने पाय आखडून खाटेवर जागा केली. चेतना तिथे बसली. ऑपरेशनला न्यायला अजून अवकाश होता. "आई," तिने विचारलं, "त्या ग्रामसभाले तुले काय सांगनं व्हतं? तू पदर गुंडाळी ऱ्हायनती ते?" शोभाबाईंनी आधी डोळे मिटले, मग हसल्या. "मराठी शाळाना नळले तोटी नव्हती. पाणी वाया जाये. पोरं चिखलमा पडेत. तेच." नवनीतभाऊ दारात उभे होते. "मग सांगं का नही?" ते म्हणाले. त्यांना खरंच नवल वाटलं होतं. "तुम्ही पुढे बठेल व्हतात," शोभाबाई म्हणाल्या. "मी मांगे." नवनीतभाऊ चहा आणतो म्हणून गेले, आणि चहा न आणताच परत आले.

ऑपरेशन नीट झालं. रात्र चेतनाने खाटेशेजारच्या लोखंडी स्टुलावर काढली, नवनीतभाऊ वऱ्हांड्यात बाकावर आडवे झाले. सकाळी खिडकीतून ऊन खाटेपर्यंत आलं तेव्हा नर्स आली, तरुण, घाईत असलेली. "काय मावशी, दुखतंय का?" नवनीतभाऊ उशाशी उभे होते, ते सवयीने म्हणाले, "नाही सिस्टर, बरी आहे आता. झोपली होती." शोभाबाईंनी मान हलवली, होकारार्थी. नर्सने पुढच्या खाटेकडे पाऊल टाकलं. चेतना आईच्या हाताकडे बघत होती. पदर नव्हता, पण चादरीचा कोपरा होता, आणि आईने तो बोटाभोवती गुंडाळला होता, सोडला होता, पुन्हा गुंडाळत होती. "सिस्टर," चेतना म्हणाली, "थांबा. तिला दुखतंय." नवनीतभाऊंनी तिच्याकडे पाहिलं, मग बायकोकडे. नर्स वळली. पुढचं आईनेच सांगायचं होतं, आणि चेतनाने स्टूल आणखी थोडं खाटेजवळ ओढलं. मग शोभाबाईंनी चादर सोडली.

"हा," त्या म्हणाल्या. "रातपासून."